गाडी तापते, रेडिएटर बदलावा का?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची पेट्रोल गाडी खंबाटकी घाट चढताना तापते आणि कूलंट दर आठवड्याला कमी होते. एका गॅरेजवाल्याने न तपासताच नवा रेडिएटर बसवायला सांगितले आहे. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तपासणीशिवाय रेडिएटर मुळीच बदलू नका. कूलंट होजपाइप, वॉटर पंप किंवा रेडिएटरच्या झाकणाच्या खराब रबरातूनही जाऊ शकते, आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन मुख्य भागांमधली, गळती रोखणारी पट्टी) गेले असेल तर नव्या रेडिएटरचा खर्च वायाच जाईल. इंजिन पूर्ण थंड असताना त्या झाकणाच्या जागी दाबमापक असलेला हातपंप लावून साधारण एक बार दाब देऊन दहा-पंधरा मिनिटे थांबले, की काटा उतरतो का आणि ओल कुठे येते, हे तुमच्या डोळ्यांसमोर दिसते. अॅल्युमिनियमची जाळी प्लास्टिकच्या टाकीला जिथे जोडलेली असते, त्या सांध्यावर वाळलेल्या कूलंटचा पांढरट थर आढळला, तर दोष बहुधा तिथेच आहे. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळून दुरुस्त होत; प्लास्टिकच्या टाकीला तो उपाय चालत नाही, आणि एम-सीलचा लेप घाटात टिकेल याचा भरवसा मी देणार नाही.

जो ही तपासणी समोर करतो, खर्चाचा अंदाज लेखी देतो आणि काढलेला जुना भाग न मागता परत करतो, त्याच्याकडे गाडी निर्धास्त द्यावी. रोज घाट चढणाऱ्या टॅक्सीचालकांना असे गॅरेज नक्की ठाऊक असते. तोपर्यंत बोअरचे पाणी भरू नका, कारण त्यातील क्षारांनी बारीक नळ्या तुंबतात, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.