सेकंड झालास, आता शेवटी चाल

अरे, स्काउट टोळीचा सेकंड, म्हणजे उपनायक, झालास म्हणून शर्टावरची पट्टी मिरवत बसू नकोस. सहा-आठ पोरांच्या टोळीत नायक पुढे, तू सगळ्यात मागे. इंदूरजवळच्या रालामंडल टेकडीच्या चढावर बुटाची नाडी सुटून कोण थांबलंय, ते तुलाच दिसणार. नायक आला नाही तर टोळी तुझी. तेव्हा काय ठरलंय ते आदल्या संध्याकाळीच विचारून घे.

सामानाची वही मात्र तूच ठेव. पाताळपाणी धबधब्याला गेलो तेव्हा माझ्याकडून काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची राहिली. भर पावसात चूल पेटेना. आठ जणांनी कच्च्या पोह्यांवर शेव टाकून भागवलं. (इंदुरी पोटाला तेही चाललं म्हणा!)

नायकाचं चुकलं तर पोरांसमोर बोलू नकोस, बाजूला घेऊन सांग. आणि दोऱ्या मोजूनच परत घे, ओल्या असतील तर वाळवून.