मुंबईत मढला खाडीलगत तळमजल्याचं घर घ्यावं का? साप, कोल्हे घरात येतात का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण ११ वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं, आमच्या घरमालकीण मावशींना. तुम्हाला मढला खाडीच्या अंगाला तळमजल्यावर भाड्याने घर मिळतंय, मागे तिवरं (खारफुटी) आहेत, घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि साप-कोल्ह्यांची धास्ती वाटतेय. फ्लेमिंगो दिसतील का, हेही विचारलंय. मी मूळचा कराडचा, समुद्र फक्त सहलीत बघितलेला. मावशी म्हणाल्या होत्या, "येतील की. पन तुझ्याकरता नाय येनार."

साप येतो, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांत घरात तीनदा आला. पहिल्याच पावसाळ्यात पहाटे साडेपाचला मोरीतला दिवा लावला, तर बादलीमागे दोन-अडीच हात लांब साप. मला बघून त्याने डोकं उचललं, मान चपटी केली. मी "नाग, नाग" करत बाहेर. मावशी मिश्री लावत बसल्या होत्या, तशाच आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "नाग नाय रे, दिवड हाय ती." अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन होते, पण घाबरल्यावर चौकोन कोण बघतो! दिवड बिनविषारी, पण तापट. चिडली की मान नागासारखी पसरते आणि चावतेही. मावशींनी घराकडच्या दाराखाली गोणपाट कोंबलं, मोरीचं मागचं दार सताड उघडलं आणि मला चहा टाकायला पाठवलं. चहाला उकळी येईपर्यंत पाहुणी गेलेली होती.

हे ओळखायचं काम तुम्ही मात्र करायला जाऊ नका. नाग आणि घोणसही मुंबईच्या उपनगरांत आहेत. साप दिसला की दार ओढून घ्या, फटीत कापड कोंबा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. मारायचा तर नाहीच, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चावलाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक असले प्रकार नकोत, सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात. मी दुसऱ्या दिवशी मोरीच्या भोकावर बारीक स्टीलची जाळी बसवली. पुढचे दोन्ही साप अंगणातल्या दारातून आले, तो दोष आमचा, दार उघडं टाकल्याचा.

कोल्हे तिवरांत आहेत. संध्याकाळी दिवेलागणीला कधी कधी कोल्हेकुई ऐकू येते, पहिल्यांदा बायकोला वाटलं कुणाचं तरी पोर रडतंय. प्रत्यक्षात मी दोनदाच बघितलाय, दोन्ही वेळा ओहोटीला, चिखलात खेकडे शोधताना. कुत्र्यांना घाबरून तोच लांब राहतो. उष्टं-खरकटं मागे टाकू नका, एवढं पुरे.

भीती बाळगायचीच असेल तर उंदरांची बाळगा. मासळीचं गाव आहे, घुशी आणि उंदीर भरपूर. पावसात गल्लीत पाणी साचलं आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा धोका असतो. अशा पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. मुलीला त्या पाण्यात अजिबात सोडू नका. माझ्या मते तुमच्या प्रश्नात सापाच्या जागी उंदीर हा शब्द असायला हवा होता.

पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखं काहीतरी पडलेलं दिसेल, त्याला ब्लू बॉटल म्हणतात. दिसायला इतकं गोजिरं की मूल हात लावणारच. मेलेलं असलं तरी त्याचे दोरे झोंबतात. झोंबलं तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेला दोरा चिमट्याने काढा. आणि पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घसटत चाला. वाळूत पाखट, म्हणजे चपटा स्टिंग रे मासा, दडलेली असते, पाय पडला की शेपटीचा काटा मारते. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगावात कितीतरी जणांना तिने असा प्रसाद दिला होता.

फ्लेमिंगोचा विषय काढलात म्हणून सांगतो, त्यासाठी मढचं घर घेऊ नका. ते शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत. इथे बगळे, खंड्या आणि बोंबलांवर डोळा ठेवून फिरणाऱ्या घारी.

माझा खरा शत्रू कावळा आहे. दारात बदामाचं झाड, त्यावर दर उन्हाळ्यात घरटं, काड्यांच्या जोडीला तारेचे हँगर घातलेलं. आमचे दोन हँगर त्यात गेलेत. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात पिल्लू खाली पडलं, स्कूटरच्या चाकाखाली जाईल म्हणून मी उचलून भिंतीवर ठेवलं. झालं! त्या दिवसापासून तीन आठवडे मी दाराबाहेर पडलो की डोक्यावर टपली. बायकोला नाही, मावशींना नाही, फक्त मला. हेल्मेट घालून निघालो तरी ओळखलं. तेच हेल्मेट बायकोने घातलं, तर कुणी ढुंकून बघितलं नाही. पितृपक्षात भिंतीवर घास ठेवला तर कावळे शेजारच्या पत्र्यावर बसून बघत राहिले. मावशी म्हणाल्या, "तुजे आजाला राग आलाय." शेवटी घास त्यांनीच ठेवला, तेव्हा शिवला.

तुमच्या मुलीला आवडेल ती गोष्ट वेगळीच आहे. ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या दिसतात. बोटभर मासे, डोळे डोक्यावर, पुढच्या पंखांवर रेटत चिखलातून चक्क चालतात, टुणकन उड्या मारतात. अंग ओलं असलं की कातडीतूनही श्वास घेतात, म्हणून पाण्याबाहेर तग धरतात. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना अर्धा-अर्धा तास कट्ट्यावरून बघत बसायचा. मावशींसाठी मात्र निवट्या म्हणजे रश्श्यातला प्रकार, त्यामुळे त्या दोघांचं कधी जमलं नाही.

आता घराचं. इथे सगळं भरतीवर चालतं. उधाणाला पाणी नाल्यातून उलटं चढतं, बिळं भरतात, मग उंदीर, खेकडे, साप सगळेच कोरडी जागा शोधतात. ती दिवडही आषाढातल्या अमावस्येच्या उधाणात आली होती. म्हणून घर बघायला दलाल बोलावेल त्या वेळी जाऊ नका, तो ओहोटीलाच बोलावेल. जुना हिशोब असा: पंधरवड्यातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये अमावस्येच्या दुपारी बाराला तिथे जाऊन उभे राहा. पाणी पायरीपासून किती लांब थांबतं ते बघा, मोरीचं भोक बघा, मागच्या भिंतीला खालच्या बाजूला ओलीची रेघ कुठवर आहे ते बघा. रेघ गुडघ्याच्या वर असेल तर पहिल्या मजल्यावरची खोली विचारा, भाडं हजार-दोन हजारांनी जास्त पडलं तरी.