अण्णांच्या आठवणी नातवंडांपर्यंत कशा पोचवाव्यात?

मेलबर्नहून एका भगिनींनी पत्र पाठवले आहे. त्यांचे सासरे, ज्यांना घरातले सगळे अण्णा म्हणत, गेल्या वर्षी लालबागच्या चाळीत वयाच्या ८१व्या वर्षी वारले. १९८२चा गिरणी संप होईपर्यंत ते कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर, होते. वर्षश्राद्धाला भारतात जाणे जमणार नाही, म्हणून त्या दिवशी घरी वाचायला पतीने लिहिलेला मजकूर त्यांनी सोबत जोडला आहे. आठ आणि अकरा वर्षांच्या नातवंडांना मात्र अण्णा आठवतात ते व्हिडिओ कॉलवर ओरडून बोलणारे आजोबा म्हणूनच.

ताई, मजकूर मनापासून लिहिलेला आहे. परंतु कष्टाळू, प्रेमळ, साधी राहणी हे शब्द कोणाच्याही वडिलांना लागू पडतील. माझा सल्ला असा, की मुलांना जे आठवते त्या ओरडण्यापासूनच सुरुवात करावी. साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असत, त्या आवाजात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नसे, त्यामुळे कामगार हातवारे करून आणि एकमेकांचे ओठ पाहून बोलत, आणि वर्षानुवर्षे तेथे काम केलेल्या अनेकांचे कान कायमचे अधू झाले. माझे वडीलही साचेखात्यातच होते. मला काही विचारले, की माझी हनुवटी धरून ते चेहरा उजेडाकडे वळवत आणि उत्तर ओठांवरून वाचत. लहानपणी चारचौघांत मला त्याची लाज वाटे. कारण समजले तेव्हा ते हयात नव्हते. तुमच्या मुलांना ते कारण आजच सांगा.

अण्णांची पत्र्याची पेटी अजून चाळीत आहे, असे तुम्ही लिहिता. ती आवरण्यापूर्वी दिरांना प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा: पगाराची चिठ्ठी, तिकीट नंबर (म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक), विम्याचे कार्ड, फंडाचे कागद. (गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना म्हाडाच्या सोडतीतून घरे दिली जातात, त्यासाठीही हे कागद उपयोगी पडतात, म्हणून मूळ प्रती मुळीच टाकू नयेत.)

मजकुरात १९८२ सालानंतर एकदम मुलाच्या इंजिनीअरिंगचा उल्लेख येतो. मधली वर्षे कृपया गाळू नका. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे २.५ लाख कामगार उतरले होते, आणि त्यांतील कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचा दरवाजा दिसला नाही. कोणी गावी परतले, कोणी भाजी विकली, कोणी रखवालदारी केली, कितीतरी घरे बायकांनी खानावळीचे डबे करून तगवली. अण्णांनी त्या काळात जे केले ते सांगण्यात कमीपणा नाही. माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत अवघड काम होते, आणि सासूबाईंचेही.

हे सारे आता सांगू शकतील असे, त्यांच्याच खात्यातले एक काका गावी आहेत, असे तुम्ही कळवले आहे. त्यांना ‘अण्णा कसे होते’ असे विचारू नका, कारण ‘देवमाणूस होता’ एवढेच उत्तर मिळेल. अण्णा आधी बदली म्हणून लागले का, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळेल या आशेने रोज दरवाजाशी उभे राहत का, किती साचे सांभाळत, धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) उडून कधी लागला का, रात्रपाळी संपल्यावर गावकऱ्यांच्या खोलीत झोपायला जागा कोणाची मिळे, डबा कोठून येई, असे विचारा. मुलांना शेजारी बसवा, मोठ्याने आणि सावकाश बोला, चेहरा कॅमेऱ्यासमोर उजेडात ठेवा आणि काकांची परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करा. भारतात सकाळचे दहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपारचे अडीच किंवा साडेतीन झालेले असतात, त्यामुळे मुलांच्या सुट्टीच्या दिवशी हे सहज जमेल. वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका, येत्या रविवारीच फोन करा; काकांचे वय तुम्हीच पत्रात ८४ लिहिले आहे.