'किरणोत्सर्गी अंदाजपत्रक' म्हणजे काय?

प्रश्न: एका अनुवादित लेखात 'ढग हे ध्रुवीय हवामानाच्या किरणोत्सर्गी अंदाजपत्रकावर प्रभाव टाकतात' असं वाक्य वाचलं. ध्रुवावर किरणोत्सर्ग कुठून आला, आणि हे अंदाजपत्रक कोणाचं?

उत्तर: मूळ इंग्रजीत 'रेडिएशन बजेट'सारखं काहीतरी असणार. भाषांतरात दोन्ही शब्द चुकलेत. पहिल्याचा निकाल लगेच लागतो. किरणोत्सर्ग म्हटलं की युरेनियम, रेडियम, अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे ऊन आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या लहरींचा. त्यासाठी मराठी विश्वकोशात 'प्रारण' हा शब्द आहे. कोणी 'विकिरण' लिहिलं तरी चालेल.

अंदाजपत्रकाचं दुखणं वेगळं. अंदाजपत्रक पुढच्या वर्षाचं असतं. महापालिकेत ते मांडलं जातं आणि पुढे त्याचं काय होतं ते आपण पाहतोच. 'ताळेबंद' जवळचा वाटतो, पण तो एका ठरावीक तारखेपुरता. इथे किती ऊर्जा आली आणि किती गेली, हे सतत मोजत राहायचं आहे. त्याला आपला 'जमाखर्च' चपखल बसतो. एरवी मी शब्दावरून एवढी हुज्जत घातली नसती, पण ध्रुवावरचे ढग या हिशेबात दोन्हीकडून लुडबुड करतात: एकीकडून जमा घटवतात, दुसरीकडून वाढवतात.

ढग ऊन वरच्या वर परतवतो, तेवढी जमिनीची जमा घटते. उलट जमिनीतून निघालेलं अवरक्त प्रारण (म्हणजे त्याच न दिसणाऱ्या उष्णतेच्या लहरी) तो शोषतो आणि स्वतःचं प्रारण खाली पाठवतो, तेवढी जमा वाढते. (म्हणूनच 'ढगांचं पांघरूण' हे अर्धसत्य आहे. पांघरूण बहुतांशी ऊब अडवून धरतं, ढग स्वतः उष्णता देतो.) ध्रुवीय हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, म्हणजे पहिली बाजू कोरी. उन्हाळ्यात सूर्य असतो, पण खाली ताजं बर्फ असेल तर तेच 80 टक्क्यांहून जास्त ऊन परतवतं. मग ढगाने सावली धरली काय, न धरली काय, फारसं बिघडत नाही. उघडा, काळाभोर समुद्र मात्र बहुतेक ऊन गिळतो. तिथे सावली महागात पडते.

याची मोजमापं आहेत. 1997च्या ऑक्टोबरपासून वर्षभर कॅनडाचं एक आइसब्रेकर जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम गोठवून ठेवलं होतं. 'शीबा' या नावाने ही मोहीम ओळखली जाते. तिथल्या हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला सुमारे 40 वॅट निव्वळ खर्च पडायचा. खालच्या पातळीवर दाट मळभ आलं की तोच आकडा शून्याजवळ. या ढगांत शून्याखालच्या तापमानातही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात आणि उष्णता शोषून खाली पाठवण्यात ते हिमकणांपेक्षा कितीतरी जास्त परिणामकारक ठरतात. वर्षभराचा हिशेब मांडला तेव्हा भर उन्हाळ्यातले काही आठवडे सोडले, तर ढगांनी पृष्ठभाग उबदारच ठेवलेला निघाला.

ग्रीनलंडचं उदाहरण तर अजबच. जुलै 2012मध्ये तिथल्या हिमस्तराच्या जवळजवळ संपूर्ण पृष्ठभागावर बर्फ वितळलं, अगदी तीन हजार मीटरहून उंच असलेल्या समिट या संशोधन केंद्रावरसुद्धा. हवा उष्ण होतीच, पण केंद्रावरच्या नोंदींवरून पातळ ढगांचाही हात दिसला. ऊन आरपार जाईल इतके ते विरळ, आणि खाली भरपूर उष्णता पाठवतील इतके दाट. दाट मळभ असतं तर ऊन अडलं असतं, आकाश निरभ्र असतं तर उष्णता निघून गेली असती.

तेव्हा मूळ वाक्य मी असं लिहीन: 'ध्रुवीय प्रदेशात प्रारणाचा जमाखर्च ढगांमुळे बदलतो.' 'प्रभाव टाकतात'ही त्यात गळून पडलं, तेही बरंच झालं. मथळ्यात 'प्रारण' जड वाटत असेल तर 'उष्णतेचा जमाखर्च' म्हणा. मात्र लेखात आत कुठेतरी प्रारण आलंच पाहिजे, कारण वारे आणि समुद्रप्रवाहांनी येणारी उष्णता या हिशेबात धरलेली नाही.