प्रश्न तुमचे : डिबेटनंतरचं मत नक्की कुणाचं?

अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या टीव्ही डिबेटबद्दल आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मी २०२४ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा मतदान केलं. १० सप्टेंबरची हॅरिस-ट्रम्प डिबेट संपली तेव्हा मला दोघांत फार फरक वाटला नव्हता. मग चॅनलवरची चर्चा ऐकली, फॅमिली ग्रुपवरचे मेसेज वाचले आणि ‘एकतर्फीच झाली की’ असं वाटू लागलं. यातलं माझं मत कुठलं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पहिलं. दुसरं चुकीचंच असेल असं नाही, पण त्यात इतरांची भर आहे. हे तुमच्याच बाबतीत झालं असंही नाही. ६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या डिबेटमध्ये तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, जे उघडच चुकीचं होतं. त्या रात्री बऱ्याच प्रेक्षकांना त्यात काही खटकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बातम्यांनी तेच वाक्य लावून धरलं आणि फोर्ड हरले असं मानणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. वाक्य तेच होतं, मध्ये गेला तो एक दिवस.

उपाय कागद-पेनाचा आहे. डिबेटच्या आधी तुम्हाला महत्त्वाचे वाटणारे चारपाच विषय लिहा: विमा, व्हिसा, गर्भपात, कर, जे असतील ते. प्रत्येकापुढे दोन्ही उमेदवारांना आत्ताच दहापैकी गुण द्या. हे आधीच करायचं. नंतर केलं तर आपलं जुनं मत आपल्याला हवं तसंच आठवतं. मग प्रत्येक उत्तराला एकच खूण करा: उत्तर दिलं तर ‘उ’, टाळलं तर ‘टा’, आकडा किंवा दावा तपासायचा असेल तर ‘त’. २०२४ च्या दोन्ही अध्यक्षीय डिबेटमध्ये उत्तराला दोन मिनिटं होती, तेवढ्यात याहून जास्त लिहायला गेलात तर पुढचं ऐकायचं राहतं. ‘टा’ ओळखायला सूत्रधाराचा प्रश्न दोन शब्दांत टिपून ठेवा, कारण सफाईदार बोलणाऱ्यामागे जाताना मूळ प्रश्न काय होता हेच विसरायला होतं.

संपल्याबरोबर टीव्ही बंद. फोन आधीपासूनच दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटांत पुन्हा गुण द्या आणि जिथे बदलले तिथे एका ओळीत कारण लिहा. कारण ‘ठामपणे बोलला’ एवढंच असेल, तर ते विषयाचे गुण नाहीत. वेगळ्या रकान्यात टाका. दुसऱ्या दिवशी शब्दशः लिखित प्रत वाचा, ‘त’ खुणांपैकी तीन दावे तपासा, आणि त्यानंतर खुशाल चर्चा ऐका.

आणखी एक गफलत सर्रास होते. ‘कोण जिंकलं’ आणि ‘मत कुणाला’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. २०१२ ला डेन्व्हरच्या डिबेटमध्ये ओबामांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी सरस ठरले असं पाहण्यांनी सांगितलं. निवडून आले ओबामा.

प्रश्न : १९६० च्या डिबेटनंतर रेडिओवाल्यांना निक्सन आणि टीव्हीवाल्यांना केनेडी जिंकले असं वाटलं, हे खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : किस्सा फार गोड आहे, पुरावा अशक्त. निक्सन खरोखरच आजारी दिसत होते: गुडघ्याच्या संसर्गामुळे रुग्णालयात राहून आलेले, वजन घटलेलं, आणि फिकट करडा सूट मागच्या भिंतीत विरघळलेला. पण रेडिओचा दावा मुख्यतः एकाच पाहणीवर उभा आहे, आणि तिच्यात रेडिओ ऐकणारे तीनशेहूनही कमी होते. शिवाय टीव्ही न पोचलेल्या ग्रामीण भागात निक्सन यांच्या पक्षाचे मतदार आधीच जास्त असू शकतात, मग फरक माध्यमाचा की माणसांचा हे कसं ठरवणार? चित्राचा परिणाम होतोच, पण तो या किश्शाने सिद्ध होत नाही. स्वतःपुरतं तपासायचं असेल तर एखादी जुनी डिबेट निवडा, पहिली पंधरा मिनिटं नुसती ऐका, गुण द्या, मग तोच भाग पाहा. २७ जून २०२४ ची बायडन-ट्रम्प डिबेट यासाठी चांगली. एक बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा अर्ध्या पडद्यावर दिसत राहतो, आणि आपण न बोलणाऱ्यालाही गुण देत बसतो.

प्रश्न : डिबेट चालू असताना काही चॅनलवर खाली एक रेघ वरखाली होत असते. तिच्यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कुंपणावरच्या मोजक्या मतदारांना एका खोलीत बसवून हातात एकेक बटण देतात, आवडलं की एकीकडे फिरवायचं, नाही आवडलं की दुसरीकडे. त्यांची सरासरी म्हणजे ती रेघ. गट लहान, त्यामुळे चारदोन जणांनीही ती हलते. त्याहून वाईट म्हणजे ती पाहणाऱ्यालाही ओढते. ब्रिटनमध्ये २०१० च्या डिबेटच्या वेळी संशोधकांनी सुमारे १५० जणांना मुद्दाम फिरवलेली रेघ दाखवली. कोण जिंकलं याबद्दलचं त्यांचं मत रेघेच्या दिशेने झुकलं. पडद्याच्या खालच्या भागावर वर्तमानपत्र चिकटवा. हसू येईल, पण उपयोग होतो.

प्रश्न : पोस्टाने मत पाठवल्यानंतर डिबेट पाहून विचार बदलला तर?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : बहुतेक राज्यांत काही करता येत नाही. मिशिगन, मिनेसोटासारख्या थोड्या राज्यांत ठरावीक मुदतीपर्यंत आधीची मतपत्रिका रद्द करून नवी मागता येते. २०२० ची शेवटची डिबेट २२ ऑक्टोबरला झाली, तोवर चार कोटींहून अधिक लोकांनी मत देऊन टाकलं होतं. तेव्हा मतपत्रिका हातात आली तरी, मन पक्कं नसेल तर पाकीट चिकटवण्यापूर्वी डिबेटची तारीख आणि मतपत्रिका पोचण्याची मुदत शेजारी शेजारी लिहा. पोस्टाला लागणारे दिवस धरायला विसरू नका.