वाचक विचारतात: वेल्डिंग जमायला लागलं, आता विकायला काय बनवू?

या वेळी एकाच विषयावर ढीगभर पत्रं आलीत. घरी छोटं मशीन घेतलंय, हात बराच बसलाय, आता चार पैसे सुटावेत. सगळी छापायला जागा नाही, त्यातली पाच घेतली.

प्रश्न: काका, सहा महिने झाले घरी वेल्डिंग करतोय. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आहे, ग्राइंडर, ड्रिल, दोन-चार क्लँप. नेटवर बघितलं की शंभर आयडिया दिसतात, टेबल, बाक, कुंड्यांचे स्टँड, भंगारातले पक्षी, आणि खरं सांगायचं तर सगळंच जमेल असं वाटतं. पण पैसा कशात आहे? सुरुवात कशाने करू?

सगळंच जमेल असं वाटतं ना, तिथेच घोळ होतो बघ. जमतं म्हणून बनवायचं असेल तर खुशाल बनव, पण विकायचं असेल तर आधी मोबाईलवर टायमर लाव. मी सुरुवातीला एक शू रॅक केला होता आणि कंटाळून का होईना पण प्रत्येक कामाची वेळ लिहून ठेवली. मापं टाकून पाइप कापायला ४० मिनिटं, तेल-गंज पुसायला १५, टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारून वेल्ड करायला २५, ग्राइंडिंगला ५०, प्रायमर आणि रंगाला मिळून ४५. झाले की जवळजवळ तीन तास, आणि त्यात आर्क (वेल्डिंगची ठिणगी) प्रत्यक्ष चालू किती होता? नऊ मिनिटं. म्हणजे आपण स्वतःला वेल्डर म्हणवतो पण दिवसभर करतो काय तर घासतो आणि पुसतो!

म्हणून वस्तू निवडताना मी पहिलं हेच बघतो, की आर्क बंद असताना किती वेळ जाणार. ज्यात कट कमी, जोड कमी, आणि जोड दिसणार नाहीत अशा जागी, ती वस्तू आपली. टेबलाचे हेअरपिन पाय (केसांच्या आकड्यासारखे वाकवलेल्या सळईचे) हे मला त्यातलं सगळ्यात सरळ उदाहरण वाटतं. १२ मिमीची गोल सळई, एका जिगवर (माप धरून ठेवणाऱ्या साच्यावर) वाकवायची, वर चार भोकांची पट्टी, दोन वेल्ड, संपलं. चार पायांच्या सेटला आठ वेल्ड आणि ते सगळे टेबलाच्या फळीखाली लपतात. साधारण ७०० मिमी उंचीचा सेट पट्ट्या धरून सहा किलोच्या आसपास जातो, चपटा पॅक होतो, फळी गिऱ्हाईक स्वतः आणतं. (१० मिमीच्या सळईत जेवणाच्या टेबलाचे पाय करू नकोस, डुलतात. बुटक्या टीपॉयला चालेल.)

दुसरी गोष्ट पाइपाच्या लांबीची, आणि ही कुणी सांगत नाही. चौकोनी पाइप बहुतेक ६ मीटरचा येतो. समज, तू साइड टेबलची फ्रेम काढलीस, ४५० मिमीचे चार पाय आणि वर ३०० मिमीचे चार तुकडे. एका टेबलाला बरोब्बर ३ मीटर, म्हणजे एका पाइपात दोन टेबलं, कागदावर एकदम झकास. पण चॉप सॉचं (पाइप कापायच्या मशीनचं) चाक प्रत्येक कटला ३ मिमी खातं, सोळा तुकड्यांना पंधरा कट, ४५ मिमी धूळ होऊन गेले आणि शेवटचा पाय ४०५चा निघाला. आता त्या एका पायासाठी नवीन पाइप फोड, नाहीतर जोड देत बस. तेच पाय ४४० केलेस तर दोन टेबलांना ५९२० मिमी लागतात, कट धरूनसुद्धा बसतं आणि वर थोडंसं उरतं. टेबल एक सेंटीमीटर बुटकं आहे हे जगात कुणाला कळणार नाही, पण तुझ्या खिशाला कळतं. डिझाइन आधी आणि पाइप नंतर असं आपण करतो, ते उलटं करायचं.

आणि एक वस्तू पकड. एकच. दहा नग कर. पहिल्याला तीन तास लागले असतील तर दहाव्याला निम्मे लागतात, कारण तोवर अँगलचे तुकडे जोडून जिग झालेला असतो, कट एका दमात होतात, रंग एकदम मारला जातो. दहा वेगवेगळ्या वस्तू केल्यास तर प्रत्येक वेळी पहिलाच नग करतोयस असं होतं.

प्रश्न: किंमत कशी लावायची? ग्रुपवर सगळे म्हणतात मटेरियलच्या तिप्पट. तसं केलं तर कधी गिऱ्हाईक पळतं आणि कधी मीच रडतो.

तिप्पटचा नियम सोपा आहे म्हणून लोकप्रिय आहे, बाकी काही नाही. घोड्याच्या जुन्या नालेचा कोट-हुक घ्या. मटेरियल जवळजवळ फुकट, फुकटाची तिप्पट फुकटच, आणि तुमची गेली पंचवीस मिनिटं. उलट २० किलो लोखंडाचा साधा बाक घ्या, दोन तासांत होतो, तिथे तिप्पट लावली तर तुम्ही फार महाग पडता. वजनाचा आणि मेहनतीचा काही संबंध नसतो हो.

मी असं करतो. आधी वजन काढायचं. गोल सळईला व्यास मिमीत घ्या, वर्ग करा, १६२ने भागा, मीटरमागे किलो मिळतात. १२ मिमीची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, ०.८९ किलो. प्लेटला जाडीच्या मिमीला ७.८५ने गुणा की एका चौरस मीटरचं वजन आलं, ३ मिमीची प्लेट साडेतेवीस किलो. हे पाठच असू द्या, दुकानात उभ्या उभ्या हिशोब होतो आणि समोरचा जरा सांभाळून बोलतो. त्यात कापताना वाया जाणारं दहा टक्के धरा. मग वेल्डिंगचे रॉड, कटिंग व्हील, फ्लॅप डिस्क (घासायची चकती), थिनर, ब्रश, वीज. लोक इथेच हात आखडतात, रॉडचे दोन तुकडे काय मोजायचे म्हणतात, पण फ्लॅप डिस्क बघा किती लवकर संपते ते. मग तास. तुमच्या तासाचा एक भाव ठरवा आणि त्यात माल आणायला गेलेला वेळ, गिऱ्हाईकाशी फोनवर गेलेला वेळ, "अहो जरा निळा रंग नाही का होणार" वाला वेळ, सगळं धरा.

ही बेरीज आणि बाजारात तशीच वस्तू ज्या भावाने मिळते तो भाव, दोन्ही शेजारी लिहा. बेरीज जास्त निघाली तर भाव पाडायचा नाही, ती वस्तू सोडायची. हे मन मारून करावं लागतं, मला माहितीये.

प्रश्न: काका, मी स्वतः वेल्डिंग करत नाही, आमचे हे करतात. हौसेनं अकरा शू रॅक केलेत, दोन गेले, नऊ घरात. त्या दोनपैकी एक परत आला, रंगाचे पापुद्रे निघाले म्हणून. मी त्यांना काय सांगू?

ताई, आधी बारावा करू नका म्हणून सांगा.

रंगाचं कारण बहुतेक तेल. नवीन पाइपावर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो दिसत नाही पण बोट फिरवलं की काळं होतं. थिनरच्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या दुसऱ्या फडक्याने, पहिलंच फडकं फिरवत राहिलं तर तेल इकडचं तिकडे होतं फक्त. वेल्डजवळ स्लॅगचा (वेल्डवर जमणाऱ्या खपलीचा) कण राहिला तर तिथूनही रंग सुटतो. मग पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा प्रायमर, तो नीट वाळल्यावर रंग. माझेही पहिले सहा रॅक असेच सोलले होते, आणि मी दोन महिने रंगाच्या डब्याला शिव्या घातल्या.

आता ते नऊ. मला शू रॅकच मुळात घरच्या वेल्डरसाठी वाईट वस्तू वाटते, राग मानू नका. कारखान्यातला रॅक पातळ पत्र्याचा, हलका, सुटा पॅक होऊन येतो आणि स्वस्त असतो. आपला दणकट असतो हे खरं, पण चपला ठेवायला दणकटपणाचे पैसे कोण देतं? दणकटपणाला पैसे कुठे मिळतात ते बघा. जड कुंड्या, वॉशिंग मशीनचं स्टँड, मापात न बसणारी विचित्र जागा. "आमच्या कोपऱ्यात ६२ सेंटीमीटरच जागा आहे" असं म्हणणारं गिऱ्हाईक कारखान्याकडे जाऊच शकत नाही, ते आपल्याकडेच येणार. यांना म्हणावं, आडव्या पट्ट्या थोड्या जवळ आणा, दोन काढून टाका आणि त्याच रॅकचे कुंड्यांचे स्टँड करा. पायांना रबरी बूट घाला, नाहीतर फरशीवर गंजाचे डाग पडतात आणि तक्रार पुन्हा तुमच्या दारात. पाइपाची उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करा, पाणी आत बसून पाइप आतून सडतो.

आणि चार पायांचं स्टँड द्यायच्या आधी सपाट फरशीवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबून बघायला सांगा. डुगडुगलं तर वेल्ड कितीही सुंदर असो, गिऱ्हाईकाला डुगडुगच आठवते. टॅक मारल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तरच पूर्ण वेल्ड, आणि एका कोपऱ्याचं सगळं एकदम न करता समोरासमोरच्या कोपऱ्यांत फिरत फिरत करायचं म्हणजे ओढ बसत नाही. तीन पायांचं केलं तर हा प्रश्नच येत नाही!

प्रश्न: जिमवाल्या मित्राने पुल-अप बार आणि स्क्वॉट रॅक मागितलाय, दुसऱ्याला गाडीखाली लावायचे जॅक स्टँड हवेत. दोन्ही कामांत पैसे बरे सुटतायत. घेऊ का?

नको. जॅक स्टँडखाली माणूस झोपतो. वेल्ड वरून छान दिसतो आणि आत स्लॅग अडकलेला असतो, किंवा रॉड नुसता वर बसलेला असतो, मूळ धातूत गेलेलाच नसतो, हे डोळ्यांना कळत नाही, चाचणी करावी लागते आणि ती सोय आपल्या पडवीत नाही. माणूस ज्याच्यावर लटकतो, ज्याच्याखाली जातो, ज्याला रेलतो, म्हणजे झोपाळा, गच्चीचा कठडा, शिडी, ट्रेलर, उचलायचे हुक, हे सगळं शिकाऊ हाताने विकायचं नाही. मित्राला त्याच जिमसाठी डंबेल ठेवायचं बुटकं स्टँड करून द्या, पडलं तर फार फार तर आवाज होईल.

प्रश्न: एका ठिकाणी जुने जीआय पाइप आणि दोन रिकामे बॅरल अगदी कमीत मिळतायत. त्याचे स्टँड आणि शेगड्या करायचा विचार आहे. शिवाय मिग मशीन (रॉडऐवजी तार आणि गॅसवर चालणारं) घ्यावं का, कामाचा स्पीड वाढेल?

जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळायला त्याच्याहून कितीतरी जास्त लागतं, म्हणजे तुमचा जोड व्हायच्या आधीच पांढरा धूर नाकात. मग काही तासांनी थंडी वाजून ताप, अंग दुखतं, तोंडाला धातूची चव. दूध पिऊन काम करतात काही जण, त्याने काही होत नाही, धूर पोटात जात नाही, फुफ्फुसात जातो. जोडाच्या दोन्ही बाजूंनी थर घासून काढा, घासतानाही मास्क लावा, आणि काम मोकळ्या हवेत. पण आता त्या घासण्याचा वेळ मघाच्या टायमरवर टाका आणि सांगा पाइप स्वस्त पडला का. शेगडीला तर जीआय वापरूच नका.

बॅरलला हात लावू नका. आत काय होतं माहीत नसलेला बंद बॅरल नुसता धुऊन कापायला घेतला तरी फुटू शकतो, शिवणीत राहिलेला थेंब तापला की वाफ होते आणि ठिणगी तर आपणच देतो. हेच साफसफाईच्या स्प्रेचं, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारून लगेच आर्क पाडलात तर फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. पुसायला साधा थिनर, आणि तोही पूर्ण वाळल्यावर, डबा लांब ठेवून.

मिगचं म्हणाल तर तीन तासांतल्या त्या नऊ मिनिटांची सहा होतील. स्लॅग काढायचा नसतो, पातळ पाइपाला भोकं कमी पडतात, हे फायदे खरे आहेत, १.२ मिमीच्या पाइपावर रॉडने काम करणं म्हणजे शिक्षाच. पण त्याच पैशात चांगला चॉप सॉ आणि सपाट लोखंडी टेबल आलं तर कापण्याच्या आणि मापं जुळवण्याच्या वेळेतून तास वाचतात, मी आधी ते घेईन. नंतर मिग घेतलंत तरी रॉडचं मशीन विकू नका. बाहेर उघड्यावर वारा सुटला की मिगचा गॅस उडून जातो आणि वेल्डला बारीक भोकांची जाळी पडते, त्या दिवशी जुनं मशीनच बाहेर काढावं लागतं.