पाऊण इंच म्हणजे वीस एमएम नव्हे

प्रश्न : माझ्याकडे गवत कापायचा जुना गार्डन ट्रॅक्टर आहे. पुढचं डावं चाक हलायला लागलं आणि वळताना करकर आवाज यायचा म्हणून बेअरिंग काढली, पण वरचा नंबर पार घासून गेलेला. ओळखीच्या मेकॅनिकने बघून ६२०४ टाका म्हणून सांगितलं. ती हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, छान घट्ट बसली, शाफ्टवर तर हातानेच सरकली, पण चाक अजून डुगडुगतंच. बेअरिंग डुप्लिकेट निघाली का?

उत्तर : नाही हो, बेअरिंगचा काही दोष नाही, तुमचा शाफ्ट बहुतेक इंचातला आहे आणि बेअरिंग मिलिमीटरमधली आणलीत. ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७ आणि जाडी १४ एमएम. जुन्या गार्डन ट्रॅक्टरमध्ये पुढचा शाफ्ट बरेचदा पाऊण इंची असतो, म्हणजे सहा सूत, आणि ते होतात १९.०५ एमएम. फरक ०.९५ एमएमचा. ऐकायला काहीच वाटत नाही पण दोन बेअरिंगमधलं अंतर कमी आणि चाक मोठं, त्यामुळे शाफ्टपाशी जी जवळपास एक एमएमची ढिलाई आहे ती टायरच्या कडेला जाईपर्यंत चांगली काही एमएम होते, तेच तुम्हाला डुगडुगताना दिसतंय.

तुम्हाला जी पाहिजे ती बेअरिंग मिळते. बाहेरून सेम ६२०४, फक्त आतलं भोक पाऊण इंची, नंबर येतो ६२०४-१२. त्यातले १२ म्हणजे इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले बारा, बस एवढंच. याच हिशोबाने ६२०५-१६ म्हणजे आतून पूर्ण एक इंच, २५.४ एमएम. आणि हबच जर इंचातला असेल तर आर१२ बघा, ती आतून पाऊण इंच, बाहेरून एक इंच पाच सूत म्हणजे ४१.२८ एमएम. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो की जुन्या बेअरिंगचा नंबर दिसला तरी त्याच्यावर जाऊ नका, आधीच्या मालकाने चुकीची टाकलेली असू शकते. शाफ्ट मोजा, हब मोजा, मग नंबर शोधा.

मोजायचं व्हर्नियरने, पट्टीने नाही. आणि शाफ्ट एकाच जागी मोजू नका! पुढचा शाफ्ट फिरत नाही, चाक त्याच्यावर फिरतं, त्यामुळे ट्रॅक्टरचं वजन कायम शाफ्टच्या खालच्याच बाजूला घासत राहतं. तिथे उभं माप घ्या, आडवं घ्या, आणि जिथे बेअरिंग कधी बसतच नाही अशा कोऱ्या जागेचंही घ्या. तुमची ढिली बेअरिंग थोडे दिवस चाललीय म्हणजे आतली रिंग शाफ्टवर फिरली असणार, नख फिरवून खाच लागते का बघा. खाच लागली तर शाफ्टवर वेल्डिंगचा भर घालून लेथवर मापात आणा नाहीतर तो बदला, नवी बेअरिंग घालून उपयोग नाही. पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवतात काही जण, मला ते अजिबात पटत नाही, पट्टी चुरगळते, सरकते आणि शाफ्ट अजून खाते.

आणि हो, जॅकवर घेतल्यावर चाक वर-खाली धरून हलवताना नीट बघा की फक्त चाक हलतंय का चाकाबरोबर शाफ्टपण हलतोय. शाफ्टपण हलत असेल तर किंगपिनचं, म्हणजे ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं तिचं, बुश (आतली साधी नळी) गेलंय, तिथे बेअरिंग कितीही बदला, काही होणार नाही.

आता कुठल्या क्वालिटीची घ्यायची. जास्त स्पीडची, सी३ (आत जरा जास्त मोकळीक असलेली) वगैरे पाहिजे का असं लोक विचारतात. गरज नाही. चाळीस सेंटीमीटरचं चाक ताशी ८ किलोमीटरने चाललं तर मिनिटाला जेमतेम १०६ फेरे होतात, एवढ्यात बेअरिंग गरमपण होत नाही. ती मरते ती पाणी, माती आणि गवताच्या कुटामुळे. म्हणून पैसे सीलवर घालवा, दोन्ही बाजूला रबर सील म्हणजे २आरएस, काही कंपन्या त्यालाच एलएलयू नाहीतर डीडीयू लिहितात. झेडझेड म्हणजे नुसती पत्र्याची झाकणं, फटीतून पाणी आत जातं, पुढच्या चाकाला ती नको.

हबला ग्रीस निपल असेल तर अजून एक गोष्ट. सीलबंद बेअरिंगमध्ये निपलचं ग्रीस जातच नाही. मी स्वतः एकदा नव्या सीलबंद बेअरिंग टाकून जुन्या सवयीने ग्रीस गन मारत राहिलो, हब गच्च भरला आणि प्रेशरने सील बाहेर आलं. तेव्हापासून निपल बंद करून टाकतो, किंवा ग्रीस द्यायचंच असेल तर हबच्या आतल्या बाजूचं सील अलगद काढून मग बसवतो.

बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्या, तीच हबमध्ये टाइट असते. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे डाग रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर, उमटतात. दोन बेअरिंगमध्ये स्पेसर पाइप (अंतर राखणारी नळी) असेल तर तो विसरू नका, नाहीतर नट आवळला की दोन्ही बेअरिंग बाजूने दाबल्या जातात.

प्रश्न : आमच्या मशीनला पुढे बेअरिंगच नाही, साधं बुश आहे. काढून बेअरिंग टाकू का?

उत्तर : नुसतं गवत कापत असाल आणि ग्रीस वेळेवर देत असाल तर बुश वाईट नाही, धूळ सहन करतं आणि अचानक धोका देत नाही. पण पुढे लोडर, ब्लेड किंवा जास्तीचं वजन लावत असाल तर बेअरिंग टाकाच. पाऊण इंची शाफ्टला फ्लँजवाली (कडेला कॉलर असलेली) मिळते, बऱ्याच जणांच्या हबला बाहेरून एक इंच तीन सूत म्हणजे ३४.९३ एमएमची लागते. माप फ्लँजच्या खालचं घ्या, फ्लँजचं नाही. आणि हातगाडीच्या चाकाला येते ती दाबलेल्या पत्र्याची घेऊ नका, तिच्यात नवी असतानाच प्ले म्हणजे ढिलाई असते. ग्राइंड केलेल्या रेसची घ्या.

प्रश्न : टेपर बेअरिंगचा नुसता कोन (रोलरवाला आतला भाग) बदलला तर चालेल का? कप (बाहेरची रिंग) हबमधून निघतच नाहीये.

उत्तर : नको. जुन्या कपवर जे डाग पडलेत ते नव्या कोनाचे रोलर खराब करतील. जोडीच घ्या, पाऊण इंचीला एलएम११९४९ कोन आणि एलएम११९१० कप असा सेट येतो, तुमचं माप जुळतंय का ते मात्र आधी तपासा. कप काढायला आतून पंच लावून आळीपाळीने समोरासमोर ठोका, एकाच बाजूने ठोकला की तो तिरका होऊन अडकतो. बसवल्यावर चाक फिरवत फिरवत नट आवळा, मग थोडा सैल सोडा, चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हाताला प्ले जेमतेम जाणवला पाहिजे. मग कॉटर पिन घाला, नवीन, जुनी वाकवून परत नको.